पाय टेकायला जमीन नसलेले ग्रह

नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ दर बारा वर्षांनी येतो, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. २००३ साली आला, २०१५ साली आला, पुढचा २०२७ चा. का येतो असे विचारले तर घरातली आजी सांगेल, गुरू सिंह राशीला गेला म्हणून. गुरू कन्येत गेला की नृसिंहवाडीला कन्यागत लागते, कुंभेत गेला की हरिद्वारला कुंभमेळा भरतो. लाखो माणसांची पावले ज्याच्या चालीवर ठरतात असा आकाशातला दुसरा ग्रह शोधून सापडणार नाही.

पण या बारा वर्षांत एक बारीकशी गोम आहे. गुरूला सूर्याभोवती एक फेरी पुरी करायला पूर्ण बारा वर्षे लागत नाहीत, ११.८६ वर्षे लागतात. म्हणजे दर फेरीला सुमारे पन्नास दिवस उरतात. सात फेऱ्या झाल्या की हे उरलेले दिवस साठत साठत जवळजवळ एक वर्ष होते. मग काय करायचे? हरिद्वारला २०१० साली कुंभमेळा झाला आणि पुढचा २०२२ ऐवजी २०२१ मध्येच भरवला गेला, तो याच हिशेबाने. त्याआधी असाच अकरा वर्षांचा कुंभ १९३८ साली झाला होता. १९३८ पासून २०२१ पर्यंत त्र्याऐंशी वर्षे होतात, आणि ११.८६ ला सातने गुणले तर उत्तर त्र्याऐंशीच येते. कागद-पेन्सिल घेऊन करून पाहा. ज्यांनी हे पहिल्यांदा ताडले, त्यांच्याजवळ दुर्बीण नव्हती, फक्त डोळे होते आणि पिढ्यान् पिढ्या नोंदी ठेवण्याची चिकाटी होती.

इतकी जवळची ओळख असलेला हा गुरू प्रत्यक्षात आहे तरी कसा? याचे उत्तर मात्र आपल्याला अगदी अलीकडे मिळू लागले आहे, आणि ते जरा चक्रावून टाकणारे आहे. या ग्रहाला जमीनच नाही.

बुध, शुक्र, पृथ्वी आणि मंगळ हे सूर्याजवळचे चार ग्रह दगडधोंड्यांचे, ठणठणीत. त्यांच्यावर यान उतरवता येते. मंगळाच्या पलीकडे लघुग्रहांचा पट्टा ओलांडला, की ग्रहांची जातच बदलते. गुरू आणि शनी हे मुख्यत्वे हायड्रोजन आणि हेलियम या दोन हलक्या वायूंचे बनलेले आहेत. त्यांना वायुग्रह किंवा वायूचे महाग्रह म्हणतात. त्यांच्याही पलीकडचे युरेनस आणि नेपच्यून पूर्वी याच पंगतीत बसवले जात. आता त्यांचे पान थोडे वेगळे मांडतात, त्याकडे नंतर येऊ.

आकारमानाचा अंदाज यावा म्हणून स्वयंपाकघरातली उदाहरणे घेऊ. पृथ्वी म्हणजे एक वाटाणा समजा, आठ मिलिमीटर व्यासाचा. मग गुरू होईल चांगले मोठे मोसंबे, नऊ सेंटिमीटरचे. शनी त्याहून थोडा लहान, साडेसात सेंटिमीटरचा, शिवाय भोवती कडे. सूर्य म्हणाल तर ८७ सेंटिमीटरचा, म्हणजे जेवणाच्या टेबलाएवढा रुंद गोळा. आता अंतरे पाहा. हा सूर्य घराच्या अंगणात ठेवला तर वाटाणा ठेवावा लागेल ९४ मीटरवर, मोसंबे जवळजवळ अर्ध्या किलोमीटरवर आणि शनी नऊशे मीटरवर, गावाच्या वेशीपाशी. मधले सगळे मोकळे. पुस्तकांतल्या चित्रांमध्ये सगळे ग्रह एका ओळीत खेटून उभे दाखवतात, त्याने मुलांच्या मनात जी खोटी कल्पना बसते ती पुढे मोठेपणीही जात नाही, असे मला नेहमी वाटते.

खऱ्या आकड्यांत सांगायचे तर गुरूचा विषुववृत्तावरचा व्यास १,४२,९८४ किलोमीटर आहे. त्याच्या पोटात तेराशे पृथ्व्या मावतील. वजन मात्र ३१८ पृथ्व्यांइतकेच. यावरूनच कळते की तो आपल्यासारखा दगड-लोखंडाचा नाही. तरीही बाकीचे सातही ग्रह एका पारड्यात टाकले, तर एकट्या गुरूचे पारडे अडीच पटींनी जड होईल. आणि एवढा अवजड देह असून फिरण्याची घाई केवढी! पृथ्वीला स्वतःभोवती एक गिरकी घ्यायला चोवीस तास लागतात, गुरूला दहा तासही लागत नाहीत. या वेगामुळे तो कमरेशी फुगला आहे. ध्रुवांकडून मोजलेला त्याचा व्यास विषुववृत्तापेक्षा नऊ हजार किलोमीटरने कमी भरतो. साध्या टेलिस्कोपमधूनही तो किंचित चपटा दिसतो.

आता समजा आपण गुरूवर उतरायचे ठरवले. ढगांच्या माथ्यावर त्याचे गुरुत्वाकर्षण आपल्या अडीच पट आहे. पृथ्वीवर ५० किलो भरणारी व्यक्ती तिथे सव्वाशे किलो भरेल. पण वजनकाटा ठेवायचा कशावर, हाच प्रश्न आहे.

हा प्रयोग एकदा खरोखर करून झाला आहे, माणसाऐवजी एका यंत्राच्या कुपीवर. अमेरिकेच्या नासा संस्थेचे गॅलिलिओ हे यान ऑक्टोबर १९८९ मध्ये निघाले. वाटेतच त्याच्यावर संकट आले. पृथ्वीशी बोलण्यासाठी असलेली त्याची मोठी, छत्रीसारखी उघडणारी अँटेना १९९१ साली उघडायला घेतली तेव्हा तिच्या काही काड्या अडकल्या. तापवून पाहिले, गार करून पाहिले, यानाला हिसके देऊन पाहिले. छत्री उघडली नाही ती नाहीच. मग लहानशा दुसऱ्या अँटेनावर, मुंगीच्या पावलांनी माहिती पाठवत शास्त्रज्ञांनी आठ वर्षे काम काढले. घरातली एखादी वस्तू बिघडली की ती लगेच टाकून देण्याच्या आजच्या दिवसांत ही गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी.

या यानाने आपल्या पोटातली ३३९ किलोची एक कुपी गुरूच्या दिशेने सोडून दिली. ७ डिसेंबर १९९५ रोजी ती गुरूच्या वातावरणात घुसली, ताशी सुमारे एक लाख सत्तर हजार किलोमीटर वेगाने. नुसत्या हवेच्या घर्षणाने आणि दाबाने तिच्यापुढचा वायू सूर्याच्या पृष्ठभागाहूनही जास्त तापला. उष्णता रोखण्यासाठी लावलेल्या कवचाचा निम्म्याहून अधिक भाग काही क्षणांत जळून गेला. मग पॅराशूट उघडले, उरलेले कवच गळून पडले आणि कुपी सावकाश खाली उतरू लागली.

जसजशी ती खाली गेली तसा दाब वाढत गेला, उष्णता वाढत गेली. वारा मात्र, खाली गेल्यावर मंदावेल या अपेक्षेला धाब्यावर बसवून, उलट वाढत गेला. सुमारे ५८ मिनिटे ती बातम्या पाठवत राहिली. शेवटच्या बातमीच्या वेळी दाब आपल्या हवेच्या बावीस पट होता, तापमान दीडशे अंश सेल्सिअसच्या वर. त्यानंतर आवाज बंद. पुढे काय झाले हे गणिताने सांगता येते. आधी पॅराशूट वितळले असेल, मग ॲल्युमिनियम, शेवटी टायटॅनियमही. कुपी कुठे आदळली नाही, कारण आदळायला काही नव्हतेच. तिची वाफ होऊन ती गुरूतच मिसळून गेली.

एवढे सगळे करून ती किती खोल गेली होती? सुमारे दीडशे किलोमीटर. गुरूच्या केंद्रापर्यंतचे अंतर एकाहत्तर हजार किलोमीटर आहे. गुरूला सफरचंद मानले तर आपली कुपी त्याच्या सालीतसुद्धा पुरती शिरली नाही.

या कुपीने एक कोडेही घालून ठेवले. तिला अपेक्षेपेक्षा फारच कमी पाणी सापडले. नंतर कळले की ती नेमकी एका कोरड्या, ढग विरलेल्या पट्ट्यात उतरली होती. म्हणजे परग्रहावरच्या कुणी पृथ्वीवर पाणी आहे का हे पाहायला एकच यंत्र पाठवावे आणि ते थरच्या वाळवंटात पडावे, तशातली गत! गुरूच्या विषुववृत्तावर पाणी बऱ्यापैकी आहे, हे पुढे २०१६ साली तिथे पोहोचलेल्या जुनो यानाच्या मोजणीतून समजले.

मग त्या सालीच्या आत आहे तरी काय? आपल्या भांड्यात पाणी कुठे संपते आणि हवा कुठे सुरू होते ते स्पष्ट दिसते. गुरूमध्ये तशी रेघ नाही. वायू दाबला जात जात हळूहळू दाट होतो, इतका की त्याला वायू म्हणावे की द्रव हेच ठरवता येत नाही. आणखी खोल गेल्यावर, दाब आपल्या हवेच्या दहा-वीस लाख पटींवर पोहोचला, की हायड्रोजन एक वेगळेच रूप घेतो. त्याच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि तो धातूसारखा वागू लागतो, वीज वाहून नेतो. असे होऊ शकेल हे विग्नर आणि हंटिंग्टन या शास्त्रज्ञांनी १९३५ सालीच कागदावर मांडले होते. थर्मामीटरमधला पारा डोळ्यांपुढे आणा. तसा वाहता धातू, पण हायड्रोजनचा, हजारो किलोमीटर खोल आणि भयंकर तापलेला. हा महासागर गुरूच्या गिरकीबरोबर घुसळला जातो, त्यातूनच त्याचे प्रचंड चुंबकीय क्षेत्र तयार होते. सूर्याकडून येणाऱ्या वाऱ्याने या क्षेत्राची शेपटी मागे उडते ती पार शनीच्या कक्षेपर्यंत पोहोचते.

अगदी मध्यभागी एक घट्ट, दगडी गोळा असावा असे पुस्तकांत बरीच वर्षे छापले जात होते. जुनोने गुरूच्या गुरुत्वाकर्षणातले बारीक चढउतार मोजले तेव्हा चित्र वेगळे निघाले. गाभा आहे, पण तो काठ नसलेला, विरघळल्यासारखा. जड पदार्थ हायड्रोजनमध्ये दूरवर मिसळत गेलेले. साखरेचा खडा पाण्यात अर्धवट विरघळावा तसा. तो असा का विरघळला, याबद्दल शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही. एखादा मोठा गोळा बालपणी येऊन आदळला म्हणून, असे काही म्हणतात. इतरांना ते पटत नाही.

गुरू इतका फोफावला कसा, हे मात्र बऱ्यापैकी समजले आहे. सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी सूर्याभोवती वायू आणि धुळीची एक चकती फिरत होती. सूर्याजवळ उष्णता इतकी, की पाण्याचा बर्फ टिकत नसे. जे ग्रह झाले ते थोड्याशा दगड-धातूंतूनच झाले. दूरवर थंडी असल्याने बर्फही बांधकामाला मिळाला. तिथला गोळा पृथ्वीच्या दहा पट वजनाच्या आसपास पोहोचला, आणि मग त्याचे गुरुत्वाकर्षण एवढे वाढले की भोवतालचा हायड्रोजन-हेलियम तो अधाशासारखा ओढू लागला. सावकाराच्या पैशासारखेच हे: जितके जमते तितके आणखी येते. चकतीतला वायू संपला तेव्हाच हे थांबले.

‘गुरू म्हणजे तारा व्हायचा राहून गेलेला ग्रह’ हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे वाचले असेल. ऐकायला छान आहे, पण फार मनावर घेऊ नये. पोटात अणूंची भट्टी पेटून खरा तारा व्हायला गुरू आजच्या सुमारे ऐंशी पट वजनदार हवा होता. परीक्षेत ऐंशीपैकी एक गुण मिळवणाऱ्याला ‘थोडक्यात हुकला’ असे आपण म्हणत नाही. मात्र एक खरे, की सूर्याकडून त्याला जेवढी उष्णता मिळते त्यापेक्षा बरीच जास्त तो बाहेर टाकतो. जन्माच्या वेळची ऊब तो अजून सावकाश सोडतो आहे.

त्याच्या अंगावरचा प्रसिद्ध तांबडा डाग म्हणजे एक वादळ आहे, आणि ते १८३१ पासून तरी सतत पाहिले जात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यात तीन पृथ्व्या शेजारी शेजारी बसल्या असत्या. आता जेमतेम सव्वा पृथ्वी बसते. तो आक्रसतो आहे. खाली जमीन नसल्यामुळे वादळाला अडवायला डोंगर नाहीत, किनारा नाही. म्हणून ते एवढे टिकले. आपल्याकडे अरबी समुद्रातले वादळ किनाऱ्याला लागले की दोन-तीन दिवसांत दम टाकते.

जुलै १९९४ मध्ये शूमेकर-लेव्ही या धूमकेतूचे वीसएक तुकडे ओळीने गुरूवर आदळले, ते ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल. पृथ्वीएवढाले काळे डाग पडले होते. तेव्हापासून एक समजूत रूढ झाली आहे, की गुरू हा थोरल्या भावासारखा मध्ये उभा राहून आपल्यावरचे दगड स्वतःच्या अंगावर घेतो. यात तथ्य आहे, पण अर्धेच. काही धूमकेतूंना तो गिळतो किंवा दूर भिरकावतो हे खरे, पण काहींची वाट वाकवून त्यांना आपल्या दिशेनेही पाठवतो. गणिते करून पाहणाऱ्यांची उत्तरे एकसारखी आलेली नाहीत. थोरल्या भावाचेही कधी कधी असेच असते, म्हणा!

आता शनी. या ग्रहाचे नाव काढले की घरातल्या काही जणांचे चेहरे उतरतात. साडेसातीच्या भीतीने जमत आलेली लग्ने थांबली, दुकानाचे मुहूर्त पुढे गेले, अशी उदाहरणे आपल्या सर्वांच्या पाहण्यात आहेत. श्रद्धेचा प्रश्न ज्याचा त्याचा, शनिवारी तेल वाहणाऱ्याशी माझे भांडण नाही. पण साडेसात हा आकडा कुठून आला ते तरी पाहू. शनी सूर्यापासून १४३ कोटी किलोमीटरवर आहे, त्यामुळे त्याची चाल मंद. एका फेरीला साडेएकोणतीस वर्षे. शनैश्चर म्हणजे हळू चालणारा, नावातच निरीक्षण आहे. बारा राशींत ही वर्षे वाटली तर एका राशीला सुमारे अडीच वर्षे येतात. आपली चंद्ररास, तिच्या आधीची आणि नंतरची, अशा तीन राशी ओलांडायला अडीच त्रिक साडेसात. झाले. यात कोप कुठेच नाही, आहे तो भागाकार.

आणखी एक हिशेब. बारांपैकी तीन राशींना कोणत्याही वेळी साडेसाती चालूच असते. म्हणजे देशातल्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या माणसांना, आज, या क्षणी. तुमच्या कचेरीत वीस माणसे असतील तर त्यातली पाचएक. त्यांच्यात बढती मिळालेलीही असतील आणि घरी पाळणा हललेलीही. मुलीच्या पत्रिकेत साडेसाती निघाली म्हणून दोन वर्षे थांबू म्हणणाऱ्यांनी हा विचार एकदा जरूर करावा. त्या दोन वर्षांत मुलीचे वय वाढते, शनीला त्याचा पत्ताही नसतो.

प्रत्यक्षात शनीइतका देखणा ग्रह दुसरा नाही. तोही हायड्रोजन-हेलियमचाच, आतून गुरूसारखाच, पण वजनाने गुरूच्या एक-तृतीयांशाहून कमी, ९५ पृथ्व्यांइतका. त्याची सरासरी घनता पाण्याहूनही कमी आहे. म्हणून ‘टब केवढाही मोठा मिळाला तर शनी त्यात तरंगेल’ असे सांगतात. वर्गात सांगायला ठीक आहे. पण तो चेंडू नाही, वायूचा लोळ आहे, पाण्यात ठेवताच विस्कटून जाईल.

त्याच्या कड्यांनी माणसाला बरेच छळले. गॅलिलिओने १६१० साली आपल्या लहानशा दुर्बिणीतून पाहिले तेव्हा त्याला ग्रहाच्या दोन्ही बाजूंना दोन गोळे दिसले, कानांसारखे. दोन वर्षांनी पाहतो तो कान गायब! बिचारा हवालदिल झाला. हे काय गौडबंगाल आहे ते डच शास्त्रज्ञ हायगेन्सने १६५९ साली छापून सांगितले: शनीभोवती पातळ, सपाट कडे आहे, ते त्याला कुठेही चिकटलेले नाही, आणि कलल्यामुळे ते कधी रुंद तर कधी नुसते कडेवरून दिसते. कडेवरून दिसले की नाहीसे झाल्यासारखे वाटते. हा प्रकार एका फेरीत दोनदा, म्हणजे साधारण पंधरा वर्षांनी होतो. मार्च २०२५ मध्ये तो पुन्हा झाला. टेलिस्कोप विकत घेऊन पहिल्यांदाच शनी पाहणाऱ्यांची तेव्हा चांगलीच निराशा झाली असणार.

किती पातळ आहे हे कडे? मुख्य कड्यांची रुंदी या टोकापासून त्या टोकापर्यंत पावणेतीन लाख किलोमीटरच्या आसपास. जाडी मात्र बऱ्याच ठिकाणी दहा-वीस मीटर, म्हणजे तीन ते सहा मजली चाळीइतकी. वहीचा कागद घ्या आणि त्याची जाडी दहा मीटर समजा. त्याच प्रमाणात कड्याचा कागद कापायचा तर तो पावणेतीन किलोमीटर रुंद कापावा लागेल. हे कडे सलग नाही. साखरेच्या दाण्यापासून घराएवढ्या बर्फाच्या तुकड्यांचा तो एक अफाट थवा आहे, आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे शनीभोवती फिरतो.

कॅसिनी हे यान २००४ ते २०१७ अशी तेरा वर्षे शनीच्या अंगणात वावरले. त्याच्या हायगेन्स नावाच्या कुपीने १४ जानेवारी २००५ रोजी टायटन या शनीच्या चंद्रावर पाय टेकले. ग्रहाला जमीन नाही, पण त्याच्या चंद्रांना आहे! टायटनवर दाट हवा आहे, नद्या आहेत, तळी आहेत. फक्त त्यांत पाणी नसून मिथेन-ईथेन आहे, आपल्या गॅसच्या भावकीतले. आणि एन्सेलॅडस नावाचा अवघ्या पाचशे किलोमीटर व्यासाचा दुसरा चंद्र दक्षिण ध्रुवाकडच्या भेगांतून पाण्याच्या वाफेचे आणि हिमकणांचे फवारे उडवतो. त्याच्या बर्फाच्या कवचाखाली खारा समुद्र आहे. गुरूच्या युरोपा या चंद्राच्या बर्फाखालीही तसाच समुद्र असावा, असे पुरावे गॅलिलिओ यानाने दिले होते.

आता या दोन्ही यानांचा शेवट कसा झाला ते सांगण्यासारखे आहे. इंधन संपत आले तेव्हा त्यांना तसेच भटकत सोडून देता आले असते. पण पृथ्वीवरून जाताना यानाला चिकटून गेलेले एखादे चिवट जंतू पुढेमागे यान आदळल्यावर त्या समुद्रात पोहोचले तर? तिथे काही जिवंत असेल तर त्याला धोका, आणि पुढे कधी काही सापडलेच तर ते तिथले की आपलेच नेलेले, हा घोळ कायमचा. म्हणून २१ सप्टेंबर २००३ रोजी गॅलिलिओ यान मुद्दाम गुरूत झोकून दिले गेले, आणि १५ सप्टेंबर २०१७ रोजी कॅसिनी शनीत. वीस-वीस वर्षे ज्यांनी त्या यानांवर नोकरी केली, त्यांनीच ती जाळण्याच्या आज्ञा पाठवल्या. कॅसिनी शेवटच्या मिनिटापर्यंत शनीच्या हवेची मापे पाठवत होते.

शनीच्या चंद्रांची संख्या हा आता पाठ्यपुस्तक छापणाऱ्यांना डोकेदुखीचा विषय झाला आहे. मार्च २०२५ मध्ये एकदम १२८ नव्या चंद्रांना मान्यता मिळाली आणि आकडा २७४ वर गेला. यातले बहुतेक दोन-चार किलोमीटरचे धोंडे आहेत. सामान्यज्ञानाच्या स्पर्धेला बसणाऱ्या मुलांनी हा आकडा पाठ करण्यात फार वेळ घालवू नये, तो पुन्हा बदलेल.

युरेनस आणि नेपच्यून यांच्याही बाहेरच्या थरात हायड्रोजन आणि हेलियम आहेत, पण आतला मोठा भाग पाणी, मिथेन आणि अमोनिया यांच्या दाट, तापलेल्या मिश्रणाचा असावा. शास्त्रज्ञ या पदार्थांना सरसकट ‘बर्फ’ म्हणतात म्हणून हे बर्फाचे महाग्रह. नावावरून फसू नका, आत हजारो अंशांची उष्णता आहे. युरेनस १३ मार्च १७८१ रोजी विल्यम हर्षेलने इंग्लंडमधल्या बाथ गावी शोधला. पेशाने तो संगीतकार, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा. जगाने या ग्रहाला युरेनस म्हटले, पण आपल्या पंचांगांत तो अजून ‘हर्षल’ आहे. शोधणाऱ्याचे नाव आपण मराठी माणसांनी जपले, हे मला फार आवडते. हा ग्रह चक्क आडवा पडून सूर्याभोवती लोळत जातो. नेपच्यून तर आधी कागदावर सापडला: फ्रान्सच्या ल व्हेरिएने युरेनसच्या डळमळत्या चालीवरून गणित मांडले आणि २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत गाल्लेने सांगितलेल्या जागेच्या अगदी शेजारी तो पाहिला.

युरेनसच्या कड्यांच्या शोधात आपल्या देशाचाही वाटा आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. १० मार्च १९७७ रोजी युरेनस एका ताऱ्यापुढून जाणार होता. तमिळनाडूतल्या कावळूर वेधशाळेत जे. सी. भट्टाचार्य आणि कुप्पुस्वामी टेलिस्कोप रोखून बसले होते. ग्रहाने झाकण्याआधीच तो तारा काही क्षण मंदावला. हा एखादा नवा चंद्र असावा, असे त्यांना वाटले. त्याच रात्री हिंदी महासागरावर उडणाऱ्या विमानातल्या अमेरिकन दुर्बिणीने तारा ग्रहाच्या दोन्ही बाजूंना पुन्हा पुन्हा मंदावल्याचे टिपले, आणि ही कडी आहेत हे उघड झाले. या दोन्ही ग्रहांजवळ आजवर एकच यान गेले आहे, व्हॉयेजर-२; युरेनसला जानेवारी १९८६ मध्ये, नेपच्यूनला ऑगस्ट १९८९ मध्ये, तेही नुसते जाता जाता. त्यानंतर कुणी फिरकलेले नाही.

गुरू पाहायला मात्र यानाची गरज नाही. शुक्र मावळलेला असेल तेव्हा रात्रीच्या आकाशात तारकांमध्ये बहुधा तोच सर्वांत ठळक, पांढुरका-पिवळसर, आणि ताऱ्यांसारखा लुकलुकत नाही. घरात क्रिकेट पाहायला नेण्याची साधी दुर्बीण असेल तर ती घेऊन गच्चीवर जा. हात थरथरतात, म्हणून कोपरे कठड्यावर घट्ट टेकवा किंवा दुर्बीण पाण्याच्या टाकीवर टेकवून धरा. गुरूच्या दोन्ही बाजूंना एका ओळीत तीन-चार बारीक ठिपके दिसतील. ते आयो, युरोपा, गॅनिमिड आणि कॅलिस्टो हे त्याचे चार मोठे चंद्र. एखादा कमी दिसला तर तो गुरूच्या पुढे किंवा मागे गेलेला असतो. कागदावर त्यांची जागा काढून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा पाहा; ठिपके हललेले असतील. आयो तर पावणेदोन दिवसांत पुरी फेरी मारतो. घरातल्या मुलांकडून अशा आठ-दहा रात्रींच्या नोंदी करवून घ्या. कोणता ठिपका कोणता, हे त्यांचे त्यांनाच ओळखता येईल.